फोटोच्या पाठीवरची सही

जळगावच्या दाणा बाजारात भिकमचंद शेठची आडत कुठे, असं विचारलं तर शाळकरी पोरसुद्धा बोट दाखवायचं. शेठची गुलाबी पगडी, शेठची काळी मोटार, शेठचा खाकरण्याचा आवाज, सगळं गावाला पाठ होतं. त्याच शेठच्या घरात धाकट्या भावाची बायको धनकुंवर चौदा वर्षं नांदत होती, आणि ती गोरी की सावळी हे गावातल्या एकाही पुरुषाला सांगता आलं नसतं. ही तिची गोष्ट आहे. थंड डोक्याने सांगण्यासारखी ती नाही, तेव्हा ऐकणाऱ्यानेही तशी अपेक्षा ठेवू नये.

धनकुंवर मारवाडातून सून होऊन आली ती घुंघटातच. घरचा रिवाज असा, की सुनेने जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडं टाकायचं नाही आणि त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. काही कळवायचंच असेल तर आतून दाराची कडी वाजवायची आणि मोलकरणीला मध्ये उभी करून तिच्या तोंडून सांगायचं. आल्यावर पहिल्याच वर्षी जेवणाची ताटं घेऊन जिना उतरताना घुंघटातून पायरी दिसली नाही. ताटांसकट ती खाली आली आणि उजवी भुवई फुटली. भिकमचंदने स्वतः माणूस पाठवून डॉक्टरीणबाई आणवली, दाराबाहेर उभं राहून "टाके नीट घाला, पैशाकडे बघू नका" म्हणून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. बघत नव्हता, एवढंच.

घरात तीन भाऊ. थोरला भिकमचंद, बायको वारलेली. मधला मदनलाल धुळ्याचं दुकान सांभाळायचा आणि पंधरा दिवसांनी घरी यायचा. त्याची बायको भंवरीबाई जळगावलाच. धाकटा दीपचंद, धनकुंवरचा नवरा. दीपचंदचं कापसाच्या पारखीत नाव होतं. बोंड उकलून चिमूटभर कापूस दोन बोटांत ओढला की धागा किती लांब निघेल ते तो सांगायचा. पण थोरल्याचं आणि त्याचं पटेना. एका गुजराती व्यापाऱ्याच्या ओळखीने त्याला आफ्रिकेत, केनियातल्या किसुमू गावच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरी लागली आणि साठ साली तो मुंबईहून बोटीत बसला. जाताना म्हणाला, वर्षभरात तुला बोलावतो.

वर्षाची सात झाली. पत्रं आडतीच्या पत्त्यावर यायची, तिथे फोडली जायची आणि मग वर यायची. कागद झाले नाहीत, परवाना मिळाला नाही, धीर धर. इकडे घरी आलेल्या-गेलेल्या बाया धनकुंवरकडे बघून उसासे टाकायच्या, बिचारीची कूस काही उजवली नाही, अमक्या देवीला नवस बोल, तमक्या महाराजांचा अंगारा लाव. नवरा समुद्रापार बसलेला आणि अंगाऱ्याने पोर व्हायचं. हे त्या बायांना तोंडावर विचारावं असं धनकुंवरला दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी ती घुंघटातल्या घुंघटात ओठ चावून गप्प बसायची. राग साठतो, तो जिरत नाही. जिरला असं इतरांना वाटतं.

सदुसष्टच्या संक्रांतीनंतर दीपचंदचं पत्र आलं, ते मात्र वेगळं होतं. तिकडचं सरकार आता बाहेरच्या माणसांचे परवाने आवळत चाललं होतं. जिनिंगचा मालक जामीन राहिला म्हणून एक परवाना हाती लागला होता. धनकुंवरने पाहुणी म्हणून यायचं, सहा महिन्यांसाठी. मे संपायच्या आत मोंबासा बंदरावर पाऊल ठेवलं तर परवाना खरा, नाहीतर तो कागद चुलीत घालायचा. पुन्हा मिळेल याची खात्री नाही, असं दीपचंदने दोनदा लिहिलं होतं.

नवऱ्याच्या घरी जायचं ते पाहुणी म्हणून, आणि तेही परक्या सरकारने हो म्हटलं तर. धनकुंवरला त्याचंही काही वाटलं नाही. तिने कडी वाजवली आणि मोलकरीण बेबाबाईला सांगितलं, "सांग त्यांना, मी जाणार."

भिकमचंद नाही म्हणाला नाही. घरातला मोठा माणूस कधी नाही म्हणत नाही. "कागद होऊ दे," एवढंच म्हणाला.

परदेशात पाहुणं म्हणून जायचं तर काय काय लागतं, याची यादी ऐकून बेबाबाईने कपाळाला हात लावला. पासपोर्ट हवा. पासपोर्टासाठी फोटो हवा, पोलिसांची चौकशी हवी, आणि एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाने "या बाईला मी जातीने ओळखतो" असं लिहून द्यायला हवं. देवीची लस हवी. पिवळ्या तापाची लस हवी, ती मुंबईलाच मिळणार. दोन्हींचे शिक्के असलेलं पिवळं कार्ड हवं, नाहीतर तिकडच्या बंदरावर उतरूच देत नाहीत.

देवीची लस टोचायला नगरपालिकेच्या दवाखान्यातला माणूस घरी आला. पडद्यातून धनकुंवरचा दंड बाहेर आला, टोचून झालं, दंड आत गेला. पोलीस चौकशीला हवालदार आला तो आडतीवरच. चहा पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, बाई चालीची कशी आहे? भिकमचंद म्हणाला, "हवालदार, आजवर तिचं नख कुणाच्या दृष्टीला पडलेलं नाही." हवालदाराने लिहिलं, वर्तणूक उत्तम. जिला कुणी पाहिलंच नाही तिच्या वर्तणुकीची सरकारला खात्री पटली.

फोटोसाठी भटू फोटोवाल्याला गच्चीवर बोलावलं. दोन्ही कान आणि पुरं कपाळ दिसलं पाहिजे, असं सरकारचं म्हणणं. भटू बिचारा घामाघूम. धनकुंवरने घुंघट मागे घेतला तसा तो घाईघाईने कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात शिरला, आणि त्या जुन्या कॅमेऱ्यात माणूस दिसतो उलटा. तेव्हा भटूनेही तिला पाहिली ती खाली डोकं वर पाय अशी. तिचा फोटो झाल्यावर भंवरीबाई म्हणाली, "माझाही काढ रे एक. पुन्हा कधी योग येतोय." ती खुर्चीवर बसली, नथ सारखी केली आणि छान हसली.

दोन्ही बायकांचे फोटो एकाच पाकिटातून आडतीवर गेले. घरी गेले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण त्या घरातला कुठलाही कागद आधी आडतीवर जायचा, मग माणसाकडे.

भिकमचंदने पाकीट उघडलं. आत दोन भावजयांचे उघडे चेहरे. चटका बसल्यासारखे त्याने फोटो गादीवर पालथे टाकले आणि मुनीम तोतारामला हाक मारली. "धाकटीचा लाव फॉर्मला."

"धाकटी कुठली यातली, शेठ?"

"मला काय विचारतोस? मी बघितलंय का?"

तोतारामची उमर त्या आडतीवर गेलेली. शेठच्या प्रत्येक गोणीतला माल तो ओळखायचा, पण घरातल्या सुना त्यानेही पाहिलेल्या नव्हत्या. तिरक्या नजरेने त्याने फोटो उलटून पाहिले. एक बाई ओढलेल्या तोंडाची, डोळ्यांखाली काळं. दुसरी टवटवीत, हसरी. तरुण दिसते ती धाकटी, असा त्याने हिशेब केला. खरं म्हणजे धनकुंवर भंवरीबाईपेक्षा तीन वर्षांनी लहान होती. पण एकीचा नवरा पंधरा दिवसांनी धुळ्याहून यायचा आणि दुसरीचा सात वर्षांत आला नव्हता, हे वय मुनीमाच्या हिशेबात कसं येणार?

भिकमचंद मानद मॅजिस्ट्रेट होता, त्यामुळे ओळख देणारा प्रतिष्ठित गृहस्थ बाहेर शोधायची गरज नव्हती. ओळखीचा मजकूर फोटोच्या पाठीवर लिहायचा असतो. फोटो पालथाच होता. "या व्यक्तीला मी चौदा वर्षे जातीने ओळखतो," असं लिहून त्याने झोकदार सही केली आणि शिक्का मारला. फॉर्ममध्ये शरीरावरच्या ओळखीच्या खुणेचा रकाना होता. तिथे तोतारामने विचारलं, काय लिहू? भिकमचंद म्हणाला, "काही नाही, लिही."

यात कपट नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. कपट करायला माणसाला आधी नीट बघावं लागतं.

पासपोर्ट झाला, आडतीवर आला आणि तिजोरीत गेला. धनकुंवरने बेबाबाईला दोनदा पाठवलं, एकदा बघू तरी द्या म्हणून. दोन्ही वेळा उत्तर आलं, "जोखमीची वस्तू आहे, घरात हरवेल. मुनीमजवळ असू दे." स्वतःचं नाव लिहिलेली वस्तू तिच्या हातात हरवेल. त्या रात्री धनकुंवरच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोट जवळ आली होती. एकदा निघू दे, मग काय ते, असं म्हणून तिने तेही गिळलं.

एप्रिलमध्ये ती तोतारामबरोबर मुंबईला गेली. पिवळ्या तापाची लस टोचून झाली, परवान्याचा शिक्का बसला, तिकीट हातात आलं. हे सगळं तोतारामने खिडक्यांमधून कागद सरकवून केलं. ती घुंघट घेऊन बाकांवर बसून राहिली. बोटीच्या दिवशी हमालाने तिची ट्रंक बोटीवर चढवली. ट्रंकेत पापड होते, लोणच्याची बरणी होती, दीपचंदसाठी शिवलेले दोन कुडते होते.

गोदीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला आणि म्हणाला, "बाई, तोंडावरचा पदर काढा."

धनकुंवरने काढला. लाज वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटली ती नुसती हवा, खारट आणि गार.

अधिकाऱ्याने फोटो पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "ह्या तुम्ही नाही."

"मीच आहे," धनकुंवर म्हणाली. "दाखवा बघू."

पासपोर्टात तिच्या नावाखाली भंवरीबाई नथ घालून हसत होती.

"खूण काही नाही असं लिहिलंय," अधिकारी म्हणाला, "आणि तुमच्या भुवईवर केवढा वण आहे." मग तो तोतारामकडे वळला. "तुम्ही यांच्याबरोबर आलात ना? कोण या?"

"धनकुंवरबाई. दीपचंद शेठच्या घरातून."

"ह्याच का? शपथेवर सांगा."

तोतारामने मान वर केली, जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "साहेब, मी कधी पाहिलेलं नाही. आवाजही आजच ऐकला. घरातून घुंघटात निघाल्या त्याच ह्या असाव्यात."

"असाव्यात?"

धनकुंवरने तोतारामकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. ज्या घराची मीठभाकरी त्याने खाल्ली त्या घरची सून त्याच्या शेजारी उभी होती, जळगावपासून त्याच्याच डब्यात बसून आली होती, आणि ती तीच आहे की वाटेत बदलली हे त्याला सांगता येत नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

अधिकाऱ्याने पासपोर्ट ठेवून घेतला. नवा अर्ज करा, नवा फोटो लावा, आणि या वेळी खरोखर ओळखणाऱ्या माणसाची सही आणा, असं त्याने बजावलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी तिच्याकडे नीट बघणारा तो एकटाच निघाला.

बोट भोंगा देऊन सुटली. ट्रंक गेली. ट्रंकेला घुंघट नव्हता.

परतीच्या गाडीत धनकुंवर उघड्या तोंडाने बसली. समोरच्या बाकावर तोताराम नाशिकपासून चाळीसगावपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून होता, मानेत लचक भरली असेल. पाचोरा गेल्यावर तो हळूच म्हणाला, "बाई, जळगाव जवळ आलं. घुंघट घ्या आता."

"कशाला, मुनीमजी? पुन्हा ओळखायला तुम्हाला अडचण पडेल."

स्टेशनवरून ती घरी गेली नाही. टांगेवाल्याला दाणा बाजार म्हणाली. दुपारची वेळ, आडतीसमोर गाड्या लागलेल्या, दलाल बसलेले. धरणगावकडचा कौतिक नावाचा शेतकरी ज्वारीच्या गोणीवर टेकून आपल्या तोलाची वाट बघत होता. धनकुंवर पायऱ्या चढून गादीपुढे उभी राहिली. डोक्यावर पदर होता, तोंड उघडं. दलालांनी माना वळवल्या.

कुणी परकी बाई आली असं वाटून भिकमचंदने सहज वर पाहिलं असतं, पण मागोमाग तोताराम पिशवी घेऊन आला आणि शेठला कळलं. त्याने मान खाली घातली आणि लोडाखाली काहीतरी शोधायला लागला. "तोताराम, त्यांना घरी जायला सांग."

घरात ती मंडळी मारवाडी बोलायची. धनकुंवर मराठीत बोलली, बाजाराला कळावं म्हणून. सुरुवात मात्र जुन्या सवयीने मुनीमाला मध्ये घालून झाली. "मुनीमजी, जेठजींना सांगा, मला बोटीवरून परत पाठवलं. पासपोर्टात भंवरीबाईचा फोटो होता." मग तिचं तिलाच काहीतरी वाटलं. तिने तोतारामला हाताने बाजूला केलं. "जेठजी, मी तुमच्याशीच बोलते. फोटोच्या मागे सही तुमची आहे. चौदा वर्षं जातीने ओळखता म्हणून लिहिलंय."

भिकमचंद गादीकडे बघत हळू म्हणाला, "भावाच्या बायकोचं तोंड बघणं आमच्यात पाप आहे. मी मर्यादा पाळली."

"तोंड बघणं पाप, आणि न बघता सही करणं पुण्य का? तुमच्या मर्यादेपायी माझी बोट गेली. महिन्याभराने दुसरी आहे, ती शेवटची. तीही गेली तर परवाना गेला आणि माझा जन्म तुमच्या जिन्यावर गेला. मी आत्ता इथून भटूकडे फोटो काढायला जाते. मागे सही तुमचीच लागणार. पण या वेळी आधी पुढून बघायचं. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर. मी हलत नाही."

शेठची मान वर होईना. एक दलाल उठून जायला लागला आणि गेला नाही. तेव्हा गोणीवरचा कौतिक शांतपणे म्हणाला, "शेठ, देखी ल्या एकडाव. बठ्ठा बजार देखी राह्यना, तुम्हनाच डोयाले काय व्हयनं? आम्हना घरमा बी बाया शेतस."

सगळा बाजार बघतोय, बाया आमच्याही घरात आहेत, या त्याच्या बोलण्यावर कुणी हसलं नाही. भिकमचंदने मान वर केली. फार वेळ लागला त्याला, मानेवर जू असल्यासारखा. समोर तिशी ओलांडलेली, उन्हाने लाल झालेली, डोळे न हलवणारी बाई उभी होती. बघता बघता त्याची नजर उजव्या भुवईवर थांबली.

"हा वण कसला?" त्याने विचारलं.

"तुमच्या जिन्यावरून पडले होते, पहिल्या वर्षी. डॉक्टरीणबाई तुम्हीच बोलावली होती. टाके नीट घाला म्हणालात."

टाक्यांचे पैसे भिकमचंदने दिले होते आणि खूण काही नाही असंही त्यानेच लिहवलं होतं. त्याने तोतारामला नवा अर्ज मागवायला सांगितलं. अर्ज आला तेव्हा खुणेच्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, उजव्या भुवईवर जखमेचा वण. फोटो आल्यावर तो उताणा ठेवून पाहिला आणि मग उलटून सही केली. धनकुंवर सही होईपर्यंत समोर उभी होती. माफी त्याने मागितली नाही आणि तिनेही त्याची वाट पाहिली नाही. नवा पासपोर्ट आला तो तिने पोस्टमनकडून दारात उभं राहून स्वतः घेतला आणि कमरेला खोचला. तो पुन्हा तिजोरीत गेला नाही.

मुंबईला परवान्याचा शिक्का नव्याने मारून घेऊन मेच्या बोटीने ती निघाली, एकटी. मोंबासाला उतरली तेव्हा परवान्याच्या मुदतीचे चार दिवस उरले होते. तिथल्या अधिकाऱ्याने पिवळं कार्ड तपासलं, पासपोर्ट उघडला. फोटोत एक भयंकर रागावलेली बाई होती. त्याने समोर पाहिलं, तर तीच. त्याने शिक्का मारला.

बाहेर माणसांची गर्दी होती. दीपचंद तिला लगेच दिसला. केस मागे हटलेले, पोट सुटलेलं, अंगात तिनेच शिवलेला कुडता, म्हणजे ट्रंक पोचली होती. तो उतरणाऱ्या बायकांमध्ये घुंघट शोधत होता. लाल ओढणीतल्या एका म्हाताऱ्या मारवाडणीच्या मागे तो दहा पावलं गेला आणि ओशाळून परतला. धनकुंवरच्या अंगावरून गेला. पुन्हा एकदा गेला.

हाक मारायची नाही, असं तिने ठरवलं. पिशवी खाली ठेवली आणि उभी राहिली.

उतारू विरळ झाले. तिसऱ्यांदा येताना तो तिच्यापुढे अडखळला आणि थांबला. तिच्या भुवईकडे त्याने पाहिलं.

"धनकुंवर?" तो म्हणाला. "तूच ना?"

"आधी नीट बघा," ती म्हणाली. "मग सांगा."